मेंढ्यांवर खूण कोणाची? धनकोला चुकवणाऱ्या हस्तांतरांचा इतिहास

१/
कर्ज थकले आहे. दावा दाखल झाला आहे. निकाल आज ना उद्या विरुद्ध जाणार, हे कर्जदाराला कळून चुकले आहे. अशा वेळी तो घर भावाच्या नावे करतो, शेत मेहुण्याच्या नावे करतो आणि मोकळा होतो. दस्त नोंदवलेला, मुद्रांक पुरा, साक्षीदार हजर. हुकूमनामा घेऊन बेलीफ दारात उभा राहतो तेव्हा कर्जदाराच्या नावावर काहीच उरलेले नसते. तो स्वतः मात्र त्याच घरात राहत असतो आणि तेच शेत कसत असतो.

२/
ज्याचे येणे आहे तो धनको आणि ज्याचे देणे आहे तो ऋणको. ऋणकोने केलेले असे हस्तांतर धनकोला मोडून काढता येते का? येत असेल तर न्यायालय खरा व्यवहार आणि बनावट व्यवहार यांत भेद कसा करते? रोमपासून हॅम्पशरच्या एका मेंढीवाल्यापर्यंत आणि तिथून आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमापर्यंत या प्रश्नाचा प्रवास आजच्या धाग्यात पाहू. विषय वकिली वाटेल; पण पगार थकलेला कामगार, उधारीवर माल दिलेला छोटा पुरवठादार आणि आगाऊ पैसे भरून बसलेला घर-खरेदीदार यांचे नशीब याच प्रश्नावर टांगलेले असते.

३/
प्रथम अडचण समजून घेऊ. आपली वस्तू विकणे किंवा दान करणे हा मालकाचा हक्क आहे, आणि कर्ज झाले म्हणून तो हक्क जात नाही. तसे झाले तर उधारी असलेल्या वाण्याला दुकानातली साखरही विकता येणार नाही. प्रामाणिक विक्री आणि पळवाट म्हणून केलेली विक्री कागदावर अगदी सारखीच दिसतात. फरक असतो तो हेतूचा, आणि हेतू डोळ्यांना दिसत नाही. या विषयावरचा सारा कायदा म्हणजे न दिसणारा हेतू दिसणाऱ्या खुणांवरून ओळखण्याचा प्रयत्न आहे.

४/
प्राचीन रोममध्ये, इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या ‘बारा तक्त्यां’च्या कायद्यात, कर्जाची अंतिम वसुली ऋणकोच्या देहावर होत असे. त्याला साखळदंड घालून नेता येई, विकता येई. परंपरेनुसार इ.स.पू. ३२६ मध्ये एका कायद्याने कर्जापोटी देह बांधून देण्याची जुनी प्रथा मोडली. देहावरची वसुली त्यानंतरही पुरती थांबली नाही. पण हळूहळू तिचा रोख मालमत्तेकडे वळला आणि दिवाळखोराची सगळी चीजवस्तू एकत्र विकण्याची पद्धत रूढ झाली. सुधारणा मोठी होती. मात्र तिच्याबरोबर नवी युक्तीही जन्माला आली. देह लपवता येत नाही, मालमत्ता लपवता येते.

५/
या युक्तीचे एक जिवंत उदाहरण सिसेरोच्या पत्रांत सापडते. इ.स.पू. ६५ मध्ये त्याने आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहिले की, तुझ्या मामाने, म्हणजे सीसिलियसने, फिर्याद लावली आहे. व्हेरियस नावाच्या गृहस्थाने सीसिलियसची मोठी रक्कम बुडवली होती, आणि त्याची मालमत्ता त्याचा भाऊबंद सॅटायरस याच्याकडे कपटाने गेली असल्याचा आरोप होता. सीसिलियसने दावा लावला तो या सॅटायरसवर. इतर धनकोही त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांत सेनानी लुकुलसही होता.

६/
सीसिलियसने सिसेरोला आपले वकीलपत्र घेण्याची गळ घातली. सिसेरोने नकार दिला. सॅटायरस रोज त्याच्या भेटीला येत असे, आणि सिसेरो व त्याचा भाऊ क्विंटस यांच्या निवडणुकांत तो उपयोगी पडत असे. सिसेरोला तेव्हा कॉन्सल व्हायचे होते. सीसिलियस रागावला आणि त्याने पुढे संबंध तोडला. सीसिलियसचे म्हणणे खरे होते की नाही, हा निवाडा आपण करू शकत नाही. एक गोष्ट मात्र दिसते: ज्याच्या नावावर मालमत्ता जाते तो बहुधा नात्यातला असतो, आणि त्याला गावात वजनही असते.

७/
रोमन न्यायाधिकाऱ्याने, म्हणजे प्रीटरने, यावर जो उपाय विकसित केला तो पुढे ‘पॉलियन दावा’ या नावाने ओळखला गेला. त्याचे सार इ.स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहाच्या ४२ व्या खंडात आहे. नियम साधे होते. ऋणकोचा कपटी हेतू ठाऊक असताना ज्याने खरेदी केली त्याला माल परत करावा लागे. ठाऊक नसताना रास्त किंमत मोजून घेणारा सुरक्षित राही. फुकट बक्षीस मिळालेल्या माणसाला मात्र अज्ञानाचा पूर्ण आधार नव्हता. त्याच्या हाती जेवढा लाभ उरला असेल तेवढा त्याने परत द्यायचा. विकत घेणारा आणि फुकट मिळवणारा यांत केलेला हा भेद आजही या कायद्याच्या मुळाशी आहे.

८/
या नियमाची एक कठोर बाजूही आहे. रोममध्ये गुलाम हीदेखील मालमत्ताच होती. म्हणून इ.स. ४ च्या ‘लेक्स एलिया सेंटिया’ या कायद्याने असे ठरवले की, धनकोंना बुडवण्यासाठी गुलामाला मुक्त केले तर ती मुक्तता निरर्थक. मालकाच्या कर्जापायी एका माणसाचे स्वातंत्र्य रद्द होत असे.

एक अपवाद ठेवला होता, आणि तो अधिकच बोलका आहे. दिवाळखोर मालकाला मृत्युपत्राने एका गुलामाला मुक्त करून वारस नेमता येई. मागे होणारी दिवाळखोरीची विक्री मग त्या वारसाच्या नावाने होई, आणि कलंक मालकाऐवजी त्याला लागे. धनकोचा हक्क जपताना त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

९/
आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही याच जातीचा विचार आढळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील १६५ व्या श्लोकाचा आशय असा: कपटाने केलेले गहाण, विक्री, दान किंवा प्रतिग्रह, किंबहुना जिथे जिथे कपट दिसेल तो सर्व व्यवहार राजाने मोडून टाकावा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुसरा धागा मिळतो. मृताची संपत्ती जो घेतो त्याने त्याचे ऋणही फेडावे, असे तिथे सांगितले आहे. संपत्ती एकाकडे जाते तेव्हा तिच्यामागोमाग ऋणाची सावलीही जाते, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नव्हती.

१०/
आता इंग्लंडकडे वळू, कारण आजचा भारतीय नियम तिथूनच आला. तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीच्या अखेरीस, १३७६-७७ च्या सुमारास झालेल्या एका कायद्यात एका प्रचलित लबाडीचे वर्णन आहे. लोक उसने पैसे आणि माल घेत, आपली जमीनजुमला व चीजवस्तू मित्रांच्या नावे करत आणि वेस्टमिन्स्टरसारख्या धर्मस्थळाच्या अभयक्षेत्रात जाऊन बसत. तिथे अधिकाऱ्यांचा हात पोहोचत नसे. दुसऱ्याच्या पैशावर ते तिथे ऐटीत राहत. अखेरीस कंटाळलेला धनको थोडेसे घेऊन बाकीचे सोडून देई. अशी हस्तांतरे बनावट ठरली तर धनकोंना त्या मालमत्तेवर वसुली करता येईल, असे या कायद्याने ठरवले.

११/
मोठा टप्पा आला १५७१ मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या काळात. धनकोंना अडवणे, लांबणीवर टाकणे किंवा फसवणे या हेतूने केलेली हस्तांतरे त्यांच्यापुरती शून्यवत ठरवण्यात आली. शिक्षाही जबर होती. अशा बनावट व्यवहारात सामील होऊन तो खरा म्हणून पुढे करणाऱ्याला जमिनीचे एक वर्षाचे मूल्य आणि जंगम मालाची पूर्ण किंमत भरावी लागे. त्यातली निम्मी राणीची आणि निम्मी पीडित धनकोची. शिवाय सहा महिन्यांचा तुरुंगवास. प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेणाऱ्याला मात्र संरक्षण होते. पण प्रामाणिक कोण, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर तीस वर्षांनी एका मेंढीवाल्याच्या खटल्यातून मिळाले.

१२/
कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘ट्वाइन’चा म्हणून आणि १६०१ सालाने ओळखला जातो. हॅम्पशर परगण्यातील पिअर्स नावाच्या माणसावर दोन कर्जे होती: ट्वाइनचे ४०० पौंड आणि दुसऱ्या एका धनकोचे २०० पौंड. त्याच्या चीजवस्तूंची किंमत होती अवघी ३०० पौंड. दुसऱ्या धनकोने दावा लावला. तो चालू असतानाच पिअर्सने गुपचूप एक दस्त करून आपल्या सगळ्या वस्तू ट्वाइनला त्याच्या कर्जाच्या फेडीपोटी देऊन टाकल्या.

१३/
कागदावर वस्तू ट्वाइनच्या झाल्या, पण त्या राहिल्या पिअर्सपाशीच. त्यातल्या काही त्याने विकल्या. मेंढ्यांची लोकर त्यानेच कातरली आणि त्यांच्या अंगावर खूणही स्वतःचीच उमटवली. पुढे दुसऱ्या धनकोला हुकूमनामा मिळाला आणि शेरीफची माणसे जप्तीला आली. ट्वाइनच्या सांगण्यावरून काहींनी त्यांना अडवले. ‘हा माल ट्वाइनचा आहे,’ असा त्यांचा दावा होता. सरकारी वकील एडवर्ड कोक याने ट्वाइनला वेस्टमिन्स्टरच्या ‘स्टार चेंबर’ न्यायालयात खेचले.

१४/
ट्वाइनची बाजू अगदीच लंगडी नव्हती. त्याचे ४०० पौंडांचे येणे खरे होते, आणि खऱ्या कर्जापोटी माल घेणे हा गुन्हा नव्हे. तरीही न्यायालयाने व्यवहार कपटाचा ठरवला. मोबदला खरा असणे पुरेसे नाही, व्यवहारही सचोटीचा हवा, असे त्याने म्हटले. सचोटी नसल्याच्या सहा खुणा त्याने मोजल्या:

• दान सरसकट होते. अंगावरचे कपडेही वगळले नव्हते.
• देणाऱ्याने ताबा सोडला नाही आणि वस्तू आपल्याच असल्यासारख्या वापरल्या.
• व्यवहार गुपचूप झाला.
• तो दावा चालू असताना झाला.
• माल घेणारा तो देणाऱ्यासाठीच सांभाळत होता, असा दोघांत छुपा विश्वास होता.
• दस्तातच लिहिले होते की हा व्यवहार प्रामाणिकपणे, खरेपणाने केला आहे.

१५/
सहावी खूण नीट पाहण्यासारखी आहे. सरळ व्यवहारात ‘हा सरळ व्यवहार आहे’ असे लिहिण्याची गरज कोणाला पडते? अनावश्यक ग्वाही न्यायालयाला संशयास्पद वाटली. पहिली खूणही तशीच. संसार असलेला माणूस खरोखरच सर्वस्व देऊन टाकत असेल तर निदान अंगावरचे वस्त्र तरी मागे ठेवतो. सगळेच देतो तो बहुधा काहीच देत नसतो.

ही यादी इंग्लंडपुरती राहिली नाही. ‘कपटाच्या खुणा’ या नावाने ती अमेरिकेपर्यंत गेली आणि भारतीय न्यायालयांतही तिचा आधार घेतला गेला.

१६/
भारतात हा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये आला. तो स्थावर मालमत्तेच्या हस्तांतराला लागू होतो. मुंबई इलाख्यात हा अधिनियम आरंभी लागू नव्हता. तो येथे १ जानेवारी १८९३ पासून आला. कलमाचा गाभा असा: धनकोंना बुडवण्याच्या किंवा रखडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर बाधित धनकोच्या इच्छेनुसार रद्द होण्यास पात्र असते. ते आपोआप शून्य होत नाही. धनको पुढे येईपर्यंत देणारा आणि घेणारा यांच्यात ते चालू असते. सचोटीने व मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण आहे.

१९२९ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची अट आली. असा दावा एका धनकोने लावला तरी तो सर्व धनकोंच्या वतीने किंवा हितासाठी हवा. पहिल्याने धावत येऊन सगळे घेऊन जावे, हे कायद्याला मान्य नव्हते.

१७/
इथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यायला हवा. १९१५ मध्ये ‘मुसहर साहू विरुद्ध हकीम लाल’ या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की, ऋणकोने एका धनकोचे कर्ज फेडले आणि दुसऱ्याचे राहिले, एवढ्यावरून कलम ५३ लागू होत नाही. दुसऱ्याच्या हाती काही उरले नाही तरीही नाही. मात्र ऋणकोने त्या व्यवहारात स्वतःसाठी काही लाभ राखून ठेवलेला नसावा. कपट ठरते ते मालमत्ता धनकोंच्या हातून काढून ऋणकोच्याच उपयोगासाठी बाजूला ठेवण्यात. ट्वाइनकडे पाहिले तर हाच धडा मिळतो. तो एकटा फेडला गेला, ही त्याची चूक नव्हती. लोकर पिअर्सच कातरत राहिला, यात सारे आले.

१८/
आतापर्यंत खोटा कागद ऋणकोचा होता. पण महाराष्ट्राच्या इतिहासात खोट्या कागदाची दुसरी बाजूही ठळक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. दख्खनच्या या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासायला सांगितले. पुढे याच कायद्यात दुरुस्ती होऊन, कागद खरेदीखताचा असला तरी खरा व्यवहार गहाणाचा होता, हे दाखवण्याची वाटही शेतकऱ्याला मिळाली.

१९/
दोन्ही कायदे शेजारी ठेवून पाहा. कलम ५३ मध्ये धनको म्हणतो, ‘ऋणकोच्या कागदामागे पाहा.’ दख्खनच्या कायद्यात ऋणको म्हणतो, ‘धनकोच्या कागदामागे पाहा.’ न्यायालयाचे काम दोन्हीकडे एकच: शाईखालचा व्यवहार शोधणे. कागद सर्वांसाठी सारखा पवित्र मानला तर जिंकतो तो, ज्याला कागद करून घेण्याची ऐपत आणि अक्कल असते.

२०/
ऋणकोचे सगळेच हिरावून घ्यावे, असेही कायदा म्हणत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, भांडीकुंडी व अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळते.

१८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानुसार, पतीने पत्नी व मुलांच्या हितासाठी रीतसर काढलेल्या आयुर्विमा पॉलिसीवर धनकोंचा हक्क चालत नाही. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे: धनकोंना फसवण्याच्या हेतूने काढलेल्या पॉलिसीला हे कवच नाही. कुटुंबाला आधार देणे आणि कुटुंबाआड लपणे यांतली रेषा कायद्याने अशी आखली आहे.

२१/
आता आपल्या काळातले एक उदाहरण. नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग बांधणाऱ्या जेपी इन्फ्राटेक कंपनीवर ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. तिच्या प्रकल्पांत २० हजारांहून अधिक घर-खरेदीदारांचे पैसे अडकले होते. तपासात दिसले की कंपनीने आपली सुमारे ८५८ एकर जमीन गहाण टाकली होती. पण ती स्वतःच्या कर्जापोटी नव्हे, तर जयप्रकाश असोसिएट्स या तिच्या धारक कंपनीने घेतलेल्या कर्जांपोटी.

२२/
अलाहाबादच्या न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये यांपैकी सुमारे ७५८ एकरांवरची गहाणे रद्द केली. अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो आदेश फिरवला. अखेर २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती गहाणे ‘पक्षपाती व्यवहार’ ठरवून जमीन मोकळी केली. घर-खरेदीदार आणि इतर धनको ज्या मालमत्तेकडे आशेने पाहत होते, ती दुसऱ्याच्या कर्जाखाली दबली होती. ती परत सामाईक झोळीत आली.

या निकालाचा आधार नीट समजून घ्यावा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ४३ मध्ये हेतू सिद्ध करावा लागत नाही. संबंधित पक्षाशी केलेला व्यवहार आदल्या दोन वर्षांतला असेल, आणि त्याने एकाला इतरांपेक्षा झुकते माप मिळाले असेल, तर नेहमीच्या धंद्यातील व्यवहारासारखे अपवाद वगळता तो रद्द होऊ शकतो. म्हणजे कोणी कपट केले, असा तो ठपका नव्हे. फसवणुकीसाठी संहितेत वेगळी कलमे आहेत आणि त्यांना वेगळा पुरावा लागतो.

२३/
हा बदल मोठा आहे. शतकानुशतके न्यायालय ऋणकोच्या मनात डोकावू पाहत होते. आता दिवाळखोरीच्या एका शाखेत त्याने ते सोडून कॅलेंडर आणि नाते या दोन गोष्टींवर भिस्त ठेवली आहे. त्यामुळे निकाल लवकर लागू शकतो. पण धोकाही आहे. अडचणीतल्या भावाला खरोखर मदत म्हणून, रास्त दराने त्याचे घर विकत घेणारा माणूसही संशयाच्या सावलीत येऊ शकतो. म्हणूनच कलम ५३ खालच्या दाव्यात एखाद-दुसरी खूण म्हणजे पुरावा नव्हे, हे न विसरणे गरजेचे आहे. नात्यात झालेली प्रत्येक विक्री बनावट नसते. आरोप करणाऱ्या धनकोने तो सिद्ध करावा लागतो, आणि तो स्वतःही खरा धनको असावा लागतो.

२४/
वाचकहो, मालमत्ता ‘फिरवल्याची’ बातमी पुढे कधी वाचाल, तेव्हा बाजू घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारून पाहा. व्यवहार केव्हा झाला, दाव्यापूर्वी की नंतर? कोणाशी झाला? किंमत किती, आणि ती खरोखर हाती आली का? मागे काय उरले? आणि आज त्या मालमत्तेचा उपभोग कोण घेत आहे? शेवटचे उत्तर बहुधा सर्वांत बोलके असते.

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत वर्षे जातात. मोठ्या सावकाराजवळ गहाणखत असते, वकील असतो आणि थांबण्याची ताकद असते. थकलेल्या पगाराची वाट पाहणाऱ्या कामगाराजवळ यातले काहीच नसते. हा कायदा सर्व धनकोंसाठी आहे, असे त्याचे शब्द सांगतात. तो खरोखर किती उपयोगी ठरला, हे रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काय पडले यावरूनच कळेल.